पलंगाखालची पेटी आणि गोव्यातले पाच दिवस

पहिला दिवस : मिरज ते राय

मिरज-कोल्हापूर, कोल्हापूर-पणजी, पणजी-मडगाव आणि तिथून राय. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. आंबोलीला एसटी थांबली तेव्हा धुकं होतं आणि कांदाभजी गरम होती, एवढं पुरे. पणजीहून मडगावला कदंबच्या शटलनं जाणार असाल तर आधी खिडकीवर तिकीट काढायचं, मग रांगेत उभं राहायचं. मी उलटं केलं आणि एक बस घालवली.

गेलो कशाला, ते सांगायला हवं. माझी पुतणी मडगावात नर्स आहे. सुट्टीच्या दिवशी ती राय गावाजवळच्या, ख्रिस्ती सिस्टर, म्हणजे नन, चालवतात अशा एका वृद्धाश्रमात जाते. कोणाची नखं काप, कोणाचं बीपी बघ, असली कामं. तिचा फोन आला : "काका, इथल्या चॅपेलात एक पायपेटी आहे, बंद पडलीय. सिस्टर माझ्या मागे लागल्यात." मी नाही म्हणालो. दोनदा.

मी मिरजेचा. वडील मिशन हॉस्पिटलात वॉर्डबॉय होते. डॉक्टर वॉनलेसांनी १८९४ साली उघडलेलं हे हॉस्पिटल, आमच्यासारख्या कितीतरी ख्रिस्ती घरांची चूल त्याच्यावर पेटली. मी मात्र चौदाव्या वर्षी सतारमेकर गल्लीत एका उस्तादांच्या दुकानात जाऊन बसलो आणि तिथलाच झालो. सतारीचा भोपळा माझ्या हाताला कधी जमला नाही, पेटीचा सूर जमला. चाळीस-एक वर्षं पेट्या लावल्या. मग कीबोर्ड आले, मोबाइलवर सूर दाखवणारी अॅपं आली, आणि तीन वर्षांपूर्वी कानाच्या डॉक्टरांनी एक आलेख काढून दाखवला. रेघ उजवीकडे उतरत गेलेली. वरचे सूर गेले म्हणाले, वयानं जातात. त्याच संध्याकाळी हत्यारांची पेटी पलंगाखाली ढकलली.

मग एका रविवारी आमच्या पाळकसाहेबांनी मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायावर उपदेश केला. धन्यानं दिलेलं जमीन खणून पुरून ठेवणारा तो तिसरा दास. मी मागच्या बाकावर बसून हिशेब केला : माझ्या पलंगाखालची जमीन शहाबादी फरशीची, पण पुरलं ते पुरलंच. घरी आल्यावर पुतणीला फोन लावला. बायको म्हणाली, "ऐकू येत नाही आणि निघाले सूर लावायला." खोटं काय होतं त्यात?

पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सिस्टर मंगळूरकडच्या, त्यांची कोकणी मला निम्मी कळे आणि माझी मराठी त्यांना पाऊण. जेवायला उकड्या तांदळाचा भात आणि बांगड्याचं हुमण. त्या भाताची शितं जाडजूड असतात, पहिल्या दिवशी जड जातात. तिसऱ्या दिवशी आपल्याकडचा भात बेचव वाटायला लागतो.

दुसरा दिवस : तीन शब्द

पहाटे पों-पों आवाजानं जागा झालो. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलला रबरी भोंगा आणि मागे ताडपत्रीनं झाकलेली टोपली. गरम पोई हातात घेतली की कोंड्याचा खरबरीत थर बोटांना लागतो. दोन खाल्ल्या, आणि चॅपेलात गेलो.

पायपेटी म्हणजे आपल्या जुन्या संगीत नाटकवाल्यांचा ऑर्गन असायचा, त्याच जातीची. खाली दोन पायटे, ते आळीपाळीनं दाबायचे, आतला भाता हवा ओढतो आणि पितळी सुरांच्या जिभा थरथरतात. मागची फळी काढली. आत उंदराचं घर. भात्याचं कापड जिथं जिथं घडी पडते तिथं तिथं फाटलेलं, पायट्यांचे पट्टे तुटलेले, एका बाजूला वाळवीची मातीची रेघ. सुरांवर हिरवा कळंक. गोव्याची दमट खारी हवा पितळेला धार्जिणी नाही.

सूर साफ करणं हे काम सांगायला सोपं आहे. एकेक सूर आकड्यानं ओढून काढायचा, उजेडात धरायचा, जिभेच्या आणि चौकटीच्या मधून पातळ कागद सरकवायचा. कागद अडला तर तिथं घाण आहे. मऊ ब्रशनं झाडायचं, परत कागद. मग सुराला लावणं. जिभेच्या टोकाला कानस फिरवली की सूर चढतो, मुळाशी फिरवली की उतरतो. फिरवायची म्हणजे किती? दुधावरची साय काढावी तेवढी. एक घासणी जास्त झाली की उलट बाजूनं घासत बसा, आणि जीभ पातळ होत होत एक दिवस मोडते.

दुपारपर्यंत खालचे आणि मधले सूर झाले. ते मला नीट ऐकू येतात. वरच्या सप्तकाला हात घातला आणि डॉक्टरांचा आलेख समोर उभा राहिला. सूर वाजतोय एवढं कळे. पण दोन सूर एकमेकांशी भांडताना जी लाट उठते, वंव वंव वंव अशी, ती ऐकायची आणि ती लांबत लांबत थांबली की सूर मिळाला समजायचं, हीच तर सगळी विद्या. ती लाटच माझ्यासाठी नव्हती.

तेवढ्यात मागून कोणी तरी म्हणालं, "सकयल."

वळून बघितलं तर व्हीलचेअरवर एक आजी. डोळ्यांत मोतीबिंदूचं पांढरं. इथं सगळ्या म्हाताऱ्या बायकांना तिया म्हणतात. या तिया चाळीस वर्षं मुंबईत होत्या, शेजार सगळा मालवणी, त्यामुळे मराठी फर्डी. "सकयल म्हणजे खाली. खाली आहे तुझा सूर. वर घे." घासलं. "वयर. थोडं वयर." आणखी घासलं. "पुरो."

त्यांचे वडील मेस्त होते, म्हणजे चर्चच्या गाणाऱ्यांना शिकवणारे, लहान मुलांना स्वरलिपी वाचायला लावणारे. पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून हे शिक्षण दिलं जाई. गोव्याचे इतके वादक मुंबईच्या बँडांत आणि सिनेमाच्या स्टुडिओत पोचले, ते त्या पायावर. "मला अक्षरं नंतर आली, सूर आधी," तिया म्हणाल्या. लग्नापर्यंत गावच्या चर्चमध्ये त्याच पायपेटी वाजवत. मुंबईत खोली एवढीशी, पेटी कुठं ठेवणार. मग राहिलंच.

तर असं झालं : हात माझे, कान त्यांचे. सकयल, वयर, पुरो. तीन शब्दांवर दुपार गेली. उस्तादांच्या दुकानात मी कानस धरायचो आणि ते डोळे मिटून बसायचे, त्यानंतर शेजारी बसून माझ्याबरोबर कोणी ऐकलंच नव्हतं. गिऱ्हाईक पेटी झाली का एवढंच विचारतं. त्यात गैर काही नाही, पण चाळीस वर्षं झाली की ते जाणवतं.

आणि मग मी घाण केली. वरच्या षड्जाची जीभ, हात थोडा थरथरला, कट्. मोडली. माझ्या डब्यातले सूर हातपेटीचे, त्या खाचेत बसेनात. तियांना सांगायची हिंमत होईना. त्यांनीच विचारलं, "मोडला?" कान होतेच त्यांना.

तिसरा दिवस : रविवार, आणि नदीपलीकडे

सकाळी चॅपेलात मिस्सा. मी प्रॉटेस्टंट, गुडघे कधी टेकायचे आणि उठायचं कधी ते शेजाऱ्याकडे बघून केलं, प्रसाद घ्यायला पुढे गेलो नाही. गावातली पोरं गायला आली आणि त्यांनी बरोबर आणलेला कीबोर्ड लावला. पायपेटी अर्धवट उघडी, चादरीखाली. मी सिस्टरांना विचारलं, दुरुस्त झाल्यावर रविवारी हीच वाजेल ना? त्या सरळ म्हणाल्या, "पोरांना ही येत नाही. आम्हाला ती संध्याकाळच्या लादाइनीला हवी, घरातल्या लोकांसाठी."

मला राग आला, खोटं का सांगू. मिरजेहून इतक्या लांब आलो, हात काळे करून घेतले, ते दहा-बारा म्हाताऱ्यांच्या संध्याकाळच्या प्रार्थनेसाठी? मनात मी भरलेलं चर्च आणि पहिल्या बाकावरचा स्वतः असं चित्र रंगवून ठेवलं होतं. ते चित्र कोणी मागितलं नव्हतं. दुपारच्या जेवणापर्यंत राग उतरला, त्यात सोरपोतेलाचाही, म्हणजे डुकराच्या मांसाच्या आंबट-तिखट रश्श्याचाही, हात होता.

अशा कामाला जायचं असेल तर अनुभवाच्या दोन-तीन गोष्टी सांगतो. त्यांना काय हवंय ते जाण्याआधी विचारा, आपल्याला काय द्यायचंय ते नंतर. सामानाचा खर्च कोण करणार तेही आधीच बोला. सेवा फुकट असते, मेंढीचं कातडं विकत मिळतं. इथं सिस्टरांनी कातडं आणि कापडाचे पैसे दिले, मी घेतले, दोघांनाही अवघड वाटलं नाही. मडगावात काही आणायचं तर सकाळीच जा, दुपारी एकनंतर निम्मी दुकानं झोपतात. आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय काढू नका.

आश्रमाची बाग बघणारे गृहस्थ नदीपलीकडच्या शिरोड्याचे. भजनी मंडळात पखवाज वाजवतात. ते म्हणाले, "बाब, आमची पेटी पण बघता?" मी हत्यारं उचलली. राशोलच्या बाजूनं फेरीबोट मिळते, पायी माणसाला पैसे पडत नाहीत. जुवारीचं पाणी त्या वेळी तांबूस आणि गच्च शांत, काठाला तिवरं. बोटीवर त्यांनी सांगितलं, शिरोड्याची कामाक्षी मूळची रायची. सोळाव्या शतकात सासष्टीतली, म्हणजे राय ज्या तालुक्यात आहे तिथली, देवळं पाडली जायला लागली तेव्हा लोकांनी देवी नदीपार नेली. आजही ती रायेश्वरासह शिरोड्यात आहे. मी ख्रिस्ती माणूस, रायमधल्या ख्रिस्ती आश्रमात उतरलेला, त्याच नदीवरून त्यांच्या मंडळाची पेटी लावायला चाललेला. ते हे ज्या सहजपणे सांगत होते त्या सहजपणे मला ऐकता आलं नाही. काय बोलावं सुचेना, म्हणून त्यांच्या पेटीचा भाता गळतो का एवढं विचारलं.

पेटी साधी होती, तासाभरात झाली. तेवढ्यात मंडळी जमली आणि तुकोबांचे अभंग सुरू झाले. घरात कोकणी बोलणारी माणसं अभंगाला बसली की शुद्ध मराठी गातात, आणि आपल्याकडच्यापेक्षा ताल अंमळ पक्का. चहा, मग फणसाचं साठ, मग पुन्हा चहा. शेवटची फेरी चुकली. त्यांनी मला स्कूटरवर बसवून बोरीच्या पुलावरून फिरवून आणलं. फेरीनं जाणार असाल तर शेवटच्या खेपेची वेळ चढतानाच विचारून ठेवा.

परत येताना मांडीवर हत्यारांची पेटी आणि डोक्यात मोडलेला षड्ज. बोरीच्या पुलावर गार वारा लागला आणि उत्तर सुचलं.

चौथा दिवस : राशोल, आणि एक थेंब डाग

उत्तर असं : पायपेटीच्या अगदी वरच्या टोकाचे सूर कोणी वाजवत नाही. त्यातला एक काढून षड्जाच्या जागी बसवायचा. तो चढा असणार, म्हणून जिभेच्या टोकावर डागाचा, म्हणजे सोल्डरचा थेंब द्यायचा. टोक जड झालं की सूर उतरतो. सिस्टरांच्या इलेक्ट्रिशियनकडून डागणी घेतली. पहिला थेंब मोठा पडला, सूर धाडकन खाली. "सकयल, सकयल," तिया हसायलाच लागल्या. मग कानशीनं थेंब झिजवत झिजवत वर. पुरो म्हणायला त्यांनी बराच वेळ घेतला.

भात्याला कापड चिकटवलं ते सरसानं. फेविकॉल घट्ट धरतो, पण पुढे कोणाला उघडायची वेळ आली तर लाकूड सोलून निघतं. सरस वाफेनं सुटतो. माझ्यानंतर कोणी तरी ही पेटी उघडणारच, त्याला शिव्या द्यायला लावू नयेत, ही उस्तादांची शिकवण.

सरस वाळेपर्यंत चालत राशोलला गेलो. टेकडीवर सेमिनरी, खाली शेतं, बगळे. इथल्याच छापखान्यात १६१६ साली फादर स्टीफन्सांचं क्रिस्तपुराण छापलं गेलं. आमच्या घरांतून हे नाव लहानपणीच कानावर पडतं, जागा मी पहिल्यांदा बघितली. हा इंग्लंडचा माणूस १५७९ साली गोव्यात आला, आयुष्य सासष्टीत काढलं, १६१९ साली इथंच वारला. नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं सुटली, त्यांना वाचायला-ऐकायला काही हवं होतं. यानं दहा हजारांच्या वर ओव्या मराठीत रचल्या, आणि त्यात मराठी भाषेची जी स्तुती केली ती प्रसिद्ध आहे. त्या काळात गोव्यात धर्माच्या नावावर काय काय झालं ते आदल्याच दिवशी फेरीवर ऐकलं होतं, ते या ओव्यांनी झाकत नाही. पण उन्हात पायऱ्यांवर बसून मी विचार करत होतो तो एवढाच, की परक्याची भाषा इतकी गोड लागायला त्यानं किती वर्षं नुसतं ऐकलं असेल. त्या पहिल्या छपाईची एकही प्रत आज उरलेली नाही म्हणतात. पुराण उरलं, कारण लोक ते म्हणत राहिले, हातानं उतरवत राहिले.

आमचे पाळक सांगतात, निर्गमच्या एकतिसाव्या अध्यायात देवानं ज्याला आपल्या आत्म्यानं भरलं तो बसालेल कारागीर होता. सोनं, रुपं, पितळ, लाकूड यांत काम करणारा. पितळ हा शब्द मला नेहमी आवडायचा तिथं. सुरांचं धातूकाम करणाऱ्याला बायबलमध्ये जागा आहे म्हणून.

संध्याकाळी लादाइन. मूर्तीपुढं मेणबत्त्या, चॅपेलात पंधराएक माणसं, निम्मी पेंगत. तियांना पेटीपुढं आणलं. बोटं वाकडी झालेली, पण पट्ट्यांवर ठेवल्याबरोबर सरळ बसली. अडचण पायांची. गुडघे चालेनात. पायटे दाबणार कोण?

मग मी जमिनीवर फतकल मारली, पेटीच्या पोटाखाली, आणि दोन्ही हातांनी पायटे दाबायला लागलो. डावा, उजवा, डावा, उजवा. वर तिया वाजवत होत्या, पलीकडे सगळे लॅटिन आणि कोकणीतून मारियेची लितानी, म्हणजे आळवणी, गात होते. आमच्याकडे मारियेची लितानी नसते. मी "आमेन" तेवढा सगळ्यांबरोबर म्हणत होतो. खाली सरसाचा वास, धूळ, भात्याचा श्वास, आणि खर्जाचे सूर लाकडातून थेट माझ्या छातीत. आयुष्यभर पेट्या लावल्या, एखादी पेटी वाजत असताना तिच्या पायाशी कधी बसलो नव्हतो.

शेवटी शेवटी तियांनी मुद्दाम वरचा षड्ज घेतला, गरज नसताना, दोनदा. वाकून म्हणाल्या, "तो तुझा."

मला तो ऐकू आला नाही. पुढच्या बाकावरचे एक आजोबा डोळे मिटून मान हलवत होते, त्यावरून लागला म्हणायचा.

रात्री खोलीकडे जाताना तियांची खुर्ची मीच ढकलली. "देव बरें करूं," त्या म्हणाल्या. तिकडे धन्यवाद असाच म्हणतात, देव तुझं बरं करो. नऊ वाजता पडलो आणि पहाटेच्या भोंग्यापर्यंत झोप मोडली नाही. तीन वर्षांत अशी झोप नव्हती. डॉक्टर म्हणतील हवाबदल. म्हणोत.

पाचवा दिवस : नाक्यावर

सकाळी सिस्टरांनी केळीच्या पानात बांधलेलं दोदोल, म्हणजे नारळ-गुळाची मिठाई, दिलं. नोव्हेंबर संपत आला होता. जुन्या गोव्यात सायबाचं, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त ३ डिसेंबरला असतं, त्याच्या आधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे प्रार्थना. रस्त्यानं पायी निघालेले लोक दिसत होते, काही जण थेट बेळगावकडचे. या दिवसांत पणजीच्या बाजूला गर्दी असते, एसटीचं आरक्षण आधी करून ठेवा.

गोव्यातून बाहेर पडताना दारूसाठी सामान तपासतात, ते ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते हे, की माझ्या पेटीत लाखेच्या पॉलिशची बाटली आहे, आणि ती पूर्वी रमची होती. नाक्यावर पोलीस चढला, पेटी उघडली, बाटली वर काढली. सगळी बस माझ्याकडे बघायला लागली. त्यानं बूच काढून वास घेतला आणि दोनदा शिंकला.

"काय आहे हे?"

"पॉलिश. पेटी दुरुस्त करतो."

"कसली पेटी?"

आता कसं सांगावं. मी सूर लावायचा काटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि त्याचा दांडा हत्यारांच्या पत्र्याच्या पेटीवर टेकवला. पत्रा घुमला. मधल्या सप्तकातला धैवत, स्वच्छ, मलाही ऐकू येणारा. ड्रायव्हरनं वळून बघितलं. पोलीस क्षणभर तसाच उभा राहिला, बाटली मला परत दिली, आणि "जावा" म्हणून उतरला.

बस सुटली. शेजारच्या बाईंनी बराच वेळ काट्याकडे बघितलं आणि मग हळूच विचारलं, "यानं ताप बघतात का?"